पारगम्य फरसबंदी

पारगम्य फरसबंदी म्हणजे पृष्ठभागावर पडणारे पावसाचे पाणी स्वतःमधून खालच्या थरांत झिरपू देणारी फरसबंदी होय. तिला सच्छिद्र किंवा पाझरती फरसबंदी असेही म्हणतात. पदपथ, अंगणे, वाहनतळ आणि कमी वर्दळीचे रस्ते यांसाठी तिचा वापर होतो. पावसाचे पाणी एकदम गटारात न लोटता जमिनीत मुरवणे, सखल भागांतील पाणी साचण्याचे प्रमाण कमी करणे आणि भूजलाचे पुनर्भरण करणे हे तिचे मुख्य उद्देश आहेत. तिची परिणामकारकता वरच्या थरापेक्षा खालच्या खडीच्या थरावर, मूळ जमिनीवर आणि भूजलाच्या पातळीवर अधिक अवलंबून असते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण किनारपट्टीवर जमीन आणि भूजलपातळी थोड्या थोड्या अंतरावर बदलत असल्याने हा फरक तेथे विशेष स्पष्ट होतो.

## पार्श्वभूमी

मोकळ्या जमिनीवर पडलेल्या पावसाचा काही भाग मुरतो, काही बाष्परूपाने परत जातो आणि उरलेला वाहून जातो. वाहून जाणाऱ्या या पाण्यास अपधाव म्हणतात. जमीन डांबर, काँक्रीट किंवा कोब्याने झाकली गेली की पावसाचा बहुतांश भाग अपधावात रूपांतरित होतो. १ चौरस मीटर क्षेत्रावर १ मिलिमीटर पाऊस पडल्यास १ लिटर पाणी जमा होते. या हिशेबाने १०० चौरस मीटरच्या अंगणावर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाल्यास १०,००० लिटर पाणी जमा होते.

सच्छिद्र डांबरी फरसबंदीवरील संशोधन १९७० च्या दशकात अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये झाले. भारतात २६ जुलै २००५ रोजी मुंबईतील सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, आणि त्या महापुरानंतर शहरांतील पर्जन्यजलाच्या निचऱ्याचा प्रश्न ठळकपणे चर्चेत आला. चीनने २०१३ नंतर ‘स्पंज शहर’ धोरण स्वीकारले. त्यात पारगम्य फरसबंदी हा पाणथळ जागा, उद्याने आणि तलाव यांच्या जोडीचा एक घटक आहे.

## रचना

पारगम्य फरसबंदीत वरून खाली साधारणपणे पुढील थर असतात:

- पृष्ठथर: सच्छिद्र काँक्रीट, सच्छिद्र डांबर किंवा फटी ठेवून बसवलेले ठोकळे.
- बैठकीचा थर: बारीक, धुतलेली खडी. येथे माती किंवा दगडाची पूड वापरल्यास पाण्याचा मार्ग बंद होतो.
- साठवणथर: एकाच आकारमानाची जाड खडी. तिच्या तुकड्यांमधील पोकळ्यांत पाणी तात्पुरते साठते.
- गाळणवस्त्र: आवश्यकतेनुसार वापरले जाणारे कृत्रिम धाग्यांचे कापड. ते खालची माती खडीत शिरू देत नाही.
- मूळ जमीन: साठलेले पाणी अखेरीस येथे मुरते. जमीन कमी पाझरणारी असल्यास साठवणथरात छिद्रांची नळी टाकून जादा पाणी बाहेर काढतात.

## प्रकार

सच्छिद्र काँक्रीट: यात वाळू वापरत नाहीत किंवा अत्यल्प वापरतात. सिमेंटचा लेप खडीचे तुकडे एकमेकांना चिकटवतो व त्यांच्यामध्ये सुमारे १५ ते २५ टक्के पोकळी राहते. त्याची मजबुती नेहमीच्या काँक्रीटपेक्षा कमी असते. त्यात सहसा लोखंडी सळ्या नसतात, त्यामुळे खाऱ्या हवेत सळ्या गंजण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

सच्छिद्र डांबर: बारीक खडी वगळून तयार केलेले डांबरमिश्रण.

फटींचे ठोकळे: ठोकळे स्वतः घन असतात. पाणी त्यांच्यामधील बारीक खडीने भरलेल्या फटींतून खाली जाते.

गवताचे जाळीदार ठोकळे: ठोकळ्यांच्या पोकळ्यांत माती किंवा खडी भरून गवत वाढवतात. अधूनमधून वापरल्या जाणाऱ्या वाहनतळासाठी ते योग्य असतात.

सर्वत्र दिसणारे नेहमीचे पेव्हर ब्लॉक पारगम्य असतात, असा समज आढळतो. मात्र ते कोब्यावर किंवा घट्ट दाबलेल्या मुरमावर बसवून फटी बारीक पुडीने भरल्यास त्यांतून फारच थोडे पाणी मुरते.

## साठवणक्षमता

साठवणथराची जाडी ३० सेंटिमीटर आणि त्यातील पोकळी ४० टक्के असेल, तर त्यात १२० मिलिमीटर पावसाइतके पाणी मावते. फरसबंदीइतक्याच क्षेत्रफळाच्या छपराचे पाणीही त्यात सोडल्यास ही क्षमता ६० मिलिमीटर पावसापुरती उरते. मूळ जमीन ताशी ५ मिलिमीटर पाणी शोषत असेल, तर भरलेला थर रिकामा होण्यास २४ तास लागतात. त्यामुळे पाऊस किती पडतो याबरोबरच दोन सरींमध्ये किती उघडीप मिळते, हेही रचना करताना विचारात घ्यावे लागते.

## मालवण किनारपट्टीवरील परिस्थिती

### पाऊस

सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत होतो. भारतीय हवामान विभागाच्या वर्गीकरणात २४ तासांत २०४.४ मिलिमीटरहून अधिक झालेला पाऊस सर्वोच्च श्रेणीत गणला जातो. अशा पावसात वर दिलेल्या उदाहरणातील साठवणथर दिवस संपण्याआधीच भरू शकतो. सलग झडीच्या दिवसांत तर तो पूर्ण रिकामा होण्यापूर्वीच पुढचा पाऊस सुरू होतो. म्हणून कोकणात पारगम्य फरसबंदी गटारे, व्हाळ आणि नैसर्गिक निचऱ्याच्या वाटा यांना पूरक ठरते. ती त्यांची जागा घेऊ शकत नाही. जादा पाण्यासाठी सांडवा ठेवणे आवश्यक असते. भरतीच्या वेळी किनाऱ्यावरील गटारांची तोंडे पाण्याखाली जाऊन निचरा मंदावतो. अशा वेळी काही तास पाणी अडवून धरण्याचा उपयोग होतो.

### जांभा आणि सडे

कोकणातील पठारांवर जांभा दगड विस्तृत प्रमाणात आढळतो. या पठारांना सडा म्हणतात. लोह व ॲल्युमिनियमची संयुगे विपुल असलेला हा सच्छिद्र दगड खाणीत तुलनेने मऊ असतो आणि हवेत उघडा पडल्यावर कठीण होतो. फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ मध्ये केरळमधील अंगाडिपुरम येथील अशा दगडास ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. विटेसाठी असलेल्या ‘लेटर’ या लॅटिन शब्दावरून ते घेतले आहे.

जांभ्याचे कापलेले ठोकळे चिरे म्हणून ओळखले जातात. घरांच्या भिंती, गावातील पायऱ्यापायऱ्यांच्या पाखाड्या आणि चुना-सिमेंटाशिवाय रचलेले गडगे यांसाठी ते वापरले जातात. पाखाडीच्या न भरलेल्या सांध्यांतून पाणी खाली झिरपते आणि गडग्याच्या फटींतून आरपार जाते. ही बांधकामे पाणी मुरवण्याच्या हेतूने केलेली नसली, तरी त्यांमुळे जमिनीचा श्वास बंद होत नाही. पाखाडी मोडून तिच्या जागी सलग काँक्रीटचा रस्ता केल्यास तेच पाणी उतारावरून वेगाने खाली येते.

जांभ्याची पाणी मुरवण्याची क्षमता सर्वत्र सारखी नसते. भेगा व पोकळ्या असलेल्या भागात पाणी त्वरेने उतरते, तर सड्याचा कठीण माथा ते अडवतो. जांभ्याखाली अनेक ठिकाणी चिकणमातीचा थर असतो. त्यावर अडलेले पाणी आडवे सरकून उताराच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. तीव्र उताराच्या कडेजवळ जादा पाणी मुरवल्यास माती खचण्याचा धोका असतो.

### किनाऱ्यावरील विहिरी

तारकर्ली आणि देवबाग ही गावे कर्ली नदी आणि अरबी समुद्र यांच्यामधील अरुंद वाळूच्या पट्ट्यावर वसलेली आहेत. अशा पट्ट्यात पावसाचे मुरलेले गोडे पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ मीटर उंच असल्यास त्याखाली सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे ४० मीटर खोलीपर्यंत गोडे पाणी असू शकते. त्यामुळे पुनर्भरणात थोडी घट झाली आणि उपसा वाढला, तरी विहिरींचे पाणी मचूळ होण्याची शक्यता असते. १६६४ ते १६६७ या काळात बांधलेल्या सिंधुदुर्ग किल्ल्यातील दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी चहूबाजूंनी समुद्र असलेल्या जागेवरही गोडे पाणी टिकू शकते, हे दाखवतात.

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. निवासव्यवस्था व वाहनतळ वाढले की पाण्याचा उपसा वाढतो आणि मुरण्यासाठी उरणारी जमीन कमी होते. वाळूच्या जमिनीत पाणी झपाट्याने मुरत असल्याने अशा वाहनतळांवर गवताचे ठोकळे किंवा फटींचे ठोकळे उपयोगी पडतात. तथापि पावसाळ्यात तेथील भूजल जमिनीच्या अगदी जवळ येते. साठवणथराचा तळ आणि भूजलाची सर्वोच्च पातळी यांमध्ये सुमारे १ मीटर अंतर राहत नसल्यास पाणी मुरवण्यास वाव उरत नाही व ते पुरेसे गाळलेही जात नाही.

## मर्यादा

- अवजड वाहनांच्या मुख्य रस्त्यांसाठी ही फरसबंदी सहसा वापरत नाहीत.
- पेट्रोल पंप, वाहनदुरुस्तीच्या जागा आणि मासळी धुण्याच्या जागा येथे दूषित पाणी भूजलात जाण्याचा धोका असतो.
- शोषखड्डा आणि पिण्याची विहीर जवळजवळ असल्यास मुरणाऱ्या पाण्याबरोबर दूषितता विहिरीपर्यंत पोहोचू शकते.
- उतारावर साठवणथरातील पाणी खालच्या टोकाला जमा होते. त्यासाठी थरात आडवे बांध घालावे लागतात.
- भिजलेल्या जांभ्याची मजबुती कमी होते, त्यामुळे चिऱ्यांची फरसबंदी पादचारी मार्गांना अधिक योग्य ठरते.

## देखभाल

छिद्रे बुजणे हा या फरसबंदीचा प्रमुख दोष आहे. कोकणात लाल माती, पालापाचोळा, शेवाळ आणि किनाऱ्यालगत उडून येणारी वाळू ही त्याची मुख्य कारणे होत. पावसाळ्यापूर्वी पृष्ठभाग झाडणे, शोषणयंत्राने फटींतील गाळ काढणे आणि ठोकळ्यांमधील खडी बदलणे हे उपाय योजले जातात. शेजारच्या उघड्या मातीचा गढूळ लोंढा फरसबंदीवर येऊ न देणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. बांधकाम चालू असताना फरसबंदीवर माती किंवा सिमेंट कालवल्यास ती वापरात येण्यापूर्वीच निकामी होऊ शकते.

## मानके व नियम

जागेवर ओतल्या जाणाऱ्या वाळूविरहित काँक्रीटसाठी भारतीय मानक आयएस १२७२७ : १९८९ आहे. फरसबंदीच्या काँक्रीट ठोकळ्यांसाठी आयएस १५६५८, तर परस्परांत अडकणाऱ्या ठोकळ्यांच्या फरसबंदीसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी : एसपी : ६३ ही मार्गदर्शिका आहे. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांसाठी पर्जन्यजल संधारणाची तरतूद आहे.

## हेसुद्धा पहा

- जांभा
- पर्जन्यजल संधारण
- भूजल पुनर्भरण
- सिंधुदुर्ग जिल्हा
- मालवण