रेव्हरंड वाइल्डर: कोल्हापुरातील शाळांसाठी बोर्डाशी भांडलेले धर्मोपदेशक

कोल्हापुरातील अमेरिकन मिशनच्या इतिहासाचा आरंभ डिसेंबर १८५२ मध्ये होतो. त्या महिन्यात रेव्हरंड रॉयल गूल्ड वाइल्डर हे धर्मोपदेशक पत्नी एलायझा यांच्यासह अहमदनगरहून (आताचे अहिल्यानगर) या संस्थानी शहरात दाखल झाले. शहरातील वाइल्डर मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचे आहे. नाव परिचित असले, तरी त्यांच्या आयुष्यातील मुख्य संघर्ष फारसा कोणाला ठाऊक नाही. तो झाला ज्या संस्थेने त्यांना भारतात पाठवले तिच्याशीच, आणि त्याचा विषय होता शाळा.

वाइल्डर यांचा जन्म १८१६ मध्ये अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात, ब्रिडपोर्ट येथे झाला. मिडलबरी महाविद्यालयातून पदवी व अँडोव्हर येथून धर्मशास्त्राचे शिक्षण घेऊन १८४६ मध्ये ते अमेरिकन बोर्डाच्या वतीने भारतात आले. पहिली सहा वर्षे अहमदनगरात गेली. हे स्थळ महत्त्वाचे आहे. तेथील मिसेस नव्हे, मिस फरार यांच्या मुलींच्या शाळेचा प्रभाव महात्मा जोतीराव फुले यांच्यावर पडला आणि १८४८ मध्ये पुण्यात त्यांनी मुलींची शाळा काढली, हा इतिहास सर्वज्ञात आहे. शिक्षणाने समाजात काय घडू शकते, याचा अनुभव वाइल्डर यांनी त्याच वातावरणात घेतला.

ते कोल्हापुरात आले तेव्हा गादीवर छत्रपती शिवाजी (चौथे) ऊर्फ बाबासाहेब महाराज होते. पण १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर कारभार इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाती गेला होता. परक्यांविषयीचा संशय अशा शहरात स्वाभाविकच होता. धर्मप्रवचन ऐकण्यास लोक नाखूश असले, तरी मुलाला अक्षरओळख व्हावी असे अनेकांना वाटत असे. वाइल्डर यांनी हे हेरले व शाळांवर भर दिला.

नेमक्या याच वेळी अमेरिकेतील वारे फिरले. बोर्डाचे सचिव रुफस अँडरसन १८५४ च्या अखेरीस शिष्टमंडळ घेऊन पश्चिम भारतात आले. मिशनऱ्यांनी देशी भाषेत उपदेश करावा, स्वावलंबी देशी मंडळ्या उभ्या कराव्यात आणि इंग्रजी शाळांवरील खर्च आवरावा, असे त्यांचे मत होते. या शाळांतून सरकारी कचेऱ्यांचे कारकून तयार होतात, उपदेशक नव्हे, हा त्यांचा आक्षेप. तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. देशी मंडळ्यांना स्वायत्तता देण्याचा त्यांचा विचार तर काळाच्या पुढचा होता. परंतु त्याच १८५४ मध्ये वुडच्या खलित्याने खासगी शाळांना सरकारी अनुदानाचे दार उघडले होते, आणि अशा वेळी बोर्डाने हात आखडता घ्यावा, हे विचित्रच होते.

वाइल्डर यांना हे धोरण मान्य झाले नाही. प्रकृती ढासळल्यामुळे १८५७ मध्ये ते अमेरिकेला परतले. तेथे मतभेद विकोपाला गेले आणि १८६० मध्ये बोर्डाशी त्यांचा संबंध तुटला. पुढच्या वर्षी त्यांनी भारतातील मिशनशाळांची बाजू मांडणारा ग्रंथच न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध केला आणि १८६१ मध्येच ते पुन्हा कोल्हापूरला निघाले. आता मागे संस्था नव्हती, ठरलेले वेतन नव्हते. हितचिंतकांच्या देणग्यांवर त्यांनी सुमारे दहा वर्षे काम रेटले.

बोर्डापासून दूर झालेले ते एकटेच नव्हते. त्याच वर्षी, १८१६ मध्येच, मिडलबरीत जन्मलेले जॉर्ज बोवेन १८४८ मध्ये मुंबईत आले व लवकरच त्यांनी बोर्डाचे वेतन नाकारले. ‘बॉम्बे गार्डियन’ हे पत्र त्यांनी दीर्घकाळ चालवले, पुढे मेथडिस्ट पंथात ते सामील झाले आणि १८८८ मध्ये मुंबईतच निवर्तले. बोवेन यांनी विरक्ती पत्करली. वाइल्डर मात्र वादाला वाद घालणारे, काहीसे हट्टी गृहस्थ होते.

१८७० मध्ये कोल्हापूरचे काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेले आणि त्याला स्थैर्य आले. वाइल्डर यांच्या चरित्रनोंदींत तीन हजारांहून अधिक शहरे व खेड्यांतील प्रवचनांचा आणि शाळांत जमवलेल्या ३,३०० हून अधिक विद्यार्थ्यांचा उल्लेख येतो. यांत मुली सुमारे ३०० होत्या. प्रमाण अल्प खरे, पण त्या काळी एकेका मुलीसाठी घरोघर विनवणी करावी लागे, हे विसरून चालणार नाही.

१८७५ च्या सुमारास प्रकृतीमुळे त्यांना कायमचे परतावे लागले. प्रिन्स्टन येथे १८७८ मध्ये त्यांनी ‘मिशनरी रिव्ह्यू’ हे नियतकालिक सुरू केले. मिशन मंडळांच्या खर्चाची व धोरणांची परखड तपासणी हे त्याचे वैशिष्ट्य. स्वभाव बदलला नव्हता! ऑक्टोबर १८८७ मध्ये त्यांचे निधन झाले.

कोल्हापुरात १८६३ मध्ये जन्मलेले त्यांचे पुत्र रॉबर्ट पुढे अमेरिकेतील विद्यार्थी स्वयंसेवक चळवळीचे एक प्रवर्तक ठरले. पत्नी एलायझा व कन्या ग्रेस वाइल्डर यांच्या मृत्यूनंतर पुन्हा याच मराठी मुलखात सेवेसाठी आल्या. कोल्हापूर मिशनचाच विस्तार पुढे मिरजेपर्यंत झाला आणि १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉन्लेस यांचे रुग्णालय तेथे उभे राहिले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला. त्याचे श्रेय मिशनला देणे इतिहासाला धरून होणार नाही. शाहू महाराजांच्या प्रेरणा वेगळ्या होत्या. वाइल्डर यांच्या वाट्याला आलेले यश त्याहून लहान आहे: बोर्डाने त्यांना दूर केल्यानंतरही कोल्हापुरातील मिशनच्या शाळा टिकल्या, आणि आयर्विन ख्रिश्चन हायस्कूलसारख्या संस्थांतून ती परंपरा शहरात पुढे चालली.