आजोबांच्या नावाचा घोडा

वडोदऱ्यात सयाजीराव म्हटलं की शाळा आठवतात. १९०६ साली मुलींनाही सक्तीचं मोफत शिक्षण देणारा राजा तो! पण बायांनो, त्याच नावाचा एक घोडाही होता. नातू प्रतापसिंहरावांनी १९४५ मध्ये इंग्लंडात २८,००० गिनींना एक शिंगरू घेतलं, नि नाव ठेवलं 'सयाजीराव'. १९४७ मध्ये एडगर ब्रिट या ऑस्ट्रेलियन जॉकीनं त्याच्यावर सेंट लेजर जिंकली, तीही 'हेड'नं. म्हणजे घोड्याच्या नुसत्या डोक्याइतक्या अंतरानं! पुढल्या वर्षी त्यांच्याच 'माय बाबू'नं टू थाउजंड गिनीज मारली. नाव किती लाडाचं! इकडे मात्र खजिन्यातल्या पैशावरून ओरड सुरू झाली होती. १९५१ मध्ये भारत सरकारनं प्रतापसिंहरावांचं राजेपद काढून घेतलं.