चायनाटाउन, सॅन फ्रान्सिस्को : उघड्या बसमधून

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को शहरातली ही चिनी वस्ती उत्तर अमेरिकेतील सर्वांत जुनी. १८४८ च्या सुमारास पोर्ट्समथ स्क्वेअरभोवती ती वसू लागली आणि आजही साधारण चोवीस ब्लॉकांत, ग्रँट अॅव्हेन्यू आणि स्टॉकटन स्ट्रीट या दोन समांतर रस्त्यांच्या अंगाने, दाटीवाटीने नांदते आहे. शहर पाहायला येणारे पुष्कळ जण तिचे पहिले दर्शन घेतात ते टप नसलेल्या डबलडेकर बसच्या वरच्या मजल्यावरून. मुंबईत ‘निलांबरी’ म्हणून जी ओपन डेक बस धावत असे, त्याच जातीची ही गाडी. इथले तिकीट मात्र बहुधा दिवसाच्या हिशेबाने असते. वाटेल त्या थांब्यावर उतरावे, हिंडावे आणि मागून येणाऱ्या बसमध्ये पुन्हा चढावे.

वर बसलेल्याची नजर दुकानांच्या पाट्या ओलांडून थेट पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या गॅलऱ्यांना भिडते. टोकाला वर वळलेली छपरे, लाल, हिरव्या आणि सोनेरी रंगांचे कठडे, ड्रॅगनांनी वेटोळे घातलेले रस्त्यावरचे दिवे. जुना चीनच उचलून इथे आणून ठेवला आहे, असे पाहणाऱ्याला वाटते. पण दिव्यांचे हे खांब १९२५ चे आहेत आणि छपरे १९०६ नंतरची. चीनमधील त्या काळच्या रस्त्यांशी त्यांचे नाते दूरचेच. हा देखावा परक्या डोळ्यांसाठी मुद्दाम बांधलेला आहे. बांधणाऱ्यांना हौस होती म्हणून नव्हे, तर वस्तीची जागाच हातची जाण्याची वेळ आली होती म्हणून.

वस्तीचे मूळ लोक दक्षिण चीनमधल्या क्वांगतुंग प्रांतातले, त्यातही बरेचसे तिथल्या चार तालुक्यांच्या एका पट्ट्यातले. या पट्ट्याला कॅन्टोनी बोलीत ‘सी यप’ म्हणतात. मुंबईत माझगावला नवाब टँक रोडवर १९१९ मध्ये उभे राहिलेले ‘सी यप कून’ हे चिनी देऊळ याच मुलखातून आलेल्यांचे. कॅलिफोर्नियात सोने सापडल्याची बातमी पसरली तसे हे लोक आले. पुढे खाणींत, शेतांत, धोबीखान्यांत आणि सिएरा नेवाडा पर्वत फोडून १८६९ मध्ये पूर्ण झालेल्या रेल्वेमार्गावर राबले. मंदी आली तेव्हा गोऱ्या कामगारांचा राग त्यांच्यावरच निघाला. १८८२ च्या चिनी प्रवेशबंदी कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेचे दार बंद झाले. हा कायदा १९४३ मध्ये रद्द झाला, तोही वर्षाला १०५ जणांचा कोटा ठेवून.

लोक नकोत, पण त्यांची वस्ती पाहायला मात्र हवी, असा हा विचित्र मामला होता. १८८५ मध्ये शहराच्या पर्यवेक्षक मंडळाने चायनाटाउनचा अधिकृत नकाशाच छापला. त्यात जुगाराचे अड्डे, अफूच्या खोल्या आणि वेश्यागृहे वेगवेगळ्या रंगांत दाखवलेली होती. हेतू वस्तीची बदनामी करण्याचा. पण बदनामी हीच जाहिरात ठरली. रात्री वाटाड्या घेऊन, कधी पोलिसाला सोबत घेऊन, ‘अफूचा अड्डा’ पाहायला जाणे ही प्रतिष्ठितांची करमणूक झाली. न्यूयॉर्कमध्येही हेच चालले होते. तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रेक्षणीय स्थळे दाखवणाऱ्या उघड्या मोटारगाड्या निघाल्या आणि रात्रीचे चायनाटाउन हा त्यांचा हमखास खपणारा माल होता. चक कॉनर्स नावाचा वाटाड्या तर पाहुण्यांसाठी मुद्दाम सजवलेला अफूचा अड्डा दाखवी. म्हणजे उघडी प्रेक्षणगाडी आणि चायनाटाउन यांची जोडी आजकालची नाही.

१८ एप्रिल १९०६ रोजी पहाटे सॅन फ्रान्सिस्कोला भूकंपाचा तडाखा बसला आणि मागोमाग लागलेल्या आगीत चायनाटाउन जळून खाक झाले. राख निवण्याआधीच शहरातल्या पुढाऱ्यांनी बेत आखला: ही मोक्याची, बंदराजवळची जमीन रिकामी करून घ्यायची आणि चिन्यांना दूर दक्षिणेला हंटर्स पॉइंटच्या चिखलात नेऊन बसवायचे. चीनच्या सरकारने याला हरकत घेतली. वकिलातीच्या अधिकाऱ्यांनी राज्याच्या गव्हर्नरला बजावले की राजमाता त्सू-शी नाराज आहेत आणि चिनी वाणिज्य दूतावास जुन्याच जागी पुन्हा बांधला जाईल. शिवाय चीनशी होणारा व्यापार ऑकलंडकडे किंवा सिअॅटलकडे वळला तर काय, ही धास्ती होतीच. घरमालकांपैकी बरेच गोरे होते. त्यांनाही भाडेकरू गमवायचे नव्हते. बेत बारगळला.

याच धामधुमीत वस्तीतल्या व्यापाऱ्यांनी, विशेषतः मेंडोसिनोत जन्मलेल्या लुक टिन इलाय यांनी, वेगळी चाल खेळली. वस्ती अशी बांधायची की शहराला ती पाडण्यापेक्षा मिरवावीशी वाटली पाहिजे. त्यासाठी टी. पॅटरसन रॉस हा वास्तुविशारद आणि ए. डब्ल्यू. बर्ग्रेन हा अभियंता नेमला. दोघेही गोरे. ग्रँट अॅव्हेन्यू आणि कॅलिफोर्निया स्ट्रीटच्या चौकात समोरासमोर उभ्या असलेल्या सिंग चाँग आणि सिंग फॅट या इमारती त्यांच्याच. बसमधून नीट पाहिले तर त्यांची रचना कळते: खाली साधा, त्या काळच्या कोणत्याही अमेरिकन शहरात शोभेल असा विटांचा चौकोनी सांगाडा आणि डोक्यावर पॅगोडाचा मुकुट. देवळाची खूण असलेला पॅगोडा इथे दुकानावर चढला. ही युक्ती इतकी लागू पडली की पुढे लॉस एंजेलिससारख्या शहरांतल्या चायनाटाउननीही हाच तोंडवळा उचलला. जुन्या बदनामीचा बाजार मात्र लगेच थांबला नाही. १९१५ च्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनात ‘अंडरग्राउंड चायनाटाउन’ नावाचा, अफूबाजांचे पुतळे मांडलेला तमाशा होता. चिनी समाजाने निषेध केल्यावर तो बंद झाला आणि नाव बदलून पुन्हा उघडला.

बसचे मार्ग कंपनीगणिक आणि काळागणिक बदलतात, तरी काही ठिकाणे निवेदकाच्या तोंडी असतातच. ग्रँट आणि बुश स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचे ड्रॅगन गेट १९७० चे, म्हणजे वस्तीच्या मानाने कालपरवाचे. त्याचे सामान तैवानहून भेट आले. मधल्या दरवाज्यातून मोटारी जातात, बाजूच्या दोन्हींतून माणसे. वरच्या चार चिनी अक्षरांत, जग सर्वांचे आहे, अशा अर्थाचे चिनी क्रांतीचे नेते सन यत्-सेन यांचे आवडते वचन आहे. पुढे कॅलिफोर्निया स्ट्रीटला ओल्ड सेंट मेरीज हे १८५४ चे चर्च लागते. त्याच्या पायाचा दगड चीनमध्ये घडवून आणलेला. घड्याळाखाली पापापासून दूर राहण्याचा उपदेश कोरला आहे. समोरच एके काळी वेश्यागृहे होती, हे कळले की तो कोणाला उद्देशून आहे ते लक्षात येते.

पोर्ट्समथ स्क्वेअर हे खरे तर सगळ्या शहराचे जन्मस्थान. १८४६ मध्ये मेक्सिकोच्या ताब्यातल्या या गावावर अमेरिकेचा झेंडा इथेच चढला. १८७३ मध्ये अँड्रयू हॅलिडीची पहिली केबल कार याच्या कडेने क्ले स्ट्रीटवर धावली. आज खाली मोटारींचा तळ आणि वर दिवसभर पत्ते आणि चिनी बुद्धिबळ खेळणाऱ्या म्हाताऱ्यांची गर्दी. एका खोलीत अख्खे कुटुंब राहणाऱ्या वस्तीचा हाच दिवाणखाना. जवळच वॉशिंग्टन स्ट्रीटवर तीन छपरांची, १९०९ ची एक टुमदार इमारत आहे. आता तिथे बँक असली तरी १९४९ पर्यंत ते चायनाटाउनचे टेलिफोन एक्स्चेंज होते. माणसाला नंबराने पुकारणे असभ्य समजले जाई, त्यामुळे लोक नावानेच फोन मागत. तिथल्या चिनी मुलींना गिऱ्हाइकांची नावे, पत्ते, एकाच नावाच्या दोघांपैकी कोण कसाई आणि कोण शिंपी, हे सारे तोंडपाठ असे. शिवाय चार-पाच बोली बोलता येत.

बस ज्या गल्ल्यांत शिरूच शकत नाही, तिथे वस्ती राहते. वेव्हर्ली प्लेसवरचे तिन हाउ देऊळ समुद्रदेवीचे. ते सगळ्यांत वरच्या मजल्यावर, कारण देवाच्या डोक्यावर कोणी राहू नये. लाकडी जिने चढूनच जावे लागते. स्पॉफर्ड अॅलीत सन यत्-सेन यांच्या क्रांतीला पैसा पुरवणाऱ्या संघटनेचे ठाणे होते. रॉस अॅलीत १९६२ पासून फॉर्च्यून कुकीचा कारखाना आहे. कारखाना कसला, एक खोली. फिरत्या तव्यावर पिठाच्या चकत्या भाजून येतात. बाई गरम चकती उचलते, चिठ्ठी ठेवते, अर्धी मुडपते आणि लोखंडी दांड्यावर दाबून तिला कंबर आणते. हे सगळे चकती कडक व्हायच्या आत, तीन-चार सेकंदांत, आणि बोटे भाजत असताना. ही कुकी मुळात जपानी. चीनमध्ये ती कोणी खात नाही. गोऱ्या वास्तुविशारदांच्या पॅगोडांखाली ती खपते, यात नवल वाटण्यासारखे काही नाही.

स्टॉकटन स्ट्रीट हा घरच्यांचा रस्ता. ग्रँट अॅव्हेन्यूवर पंखे आणि चुंबकी खेळणी, तर स्टॉकटनवर टाक्यांतले जिवंत मासे, बेडूक, हुकाला टांगलेली भाजलेली बदके आणि सुक्या मशरूमचे ढीग. डोक्यावर ट्रॉलीबसच्या विजेच्या तारा असल्याने उघड्या बसमध्ये उभे राहू नका, ही सूचना इथे नुसती शिस्तीसाठी नसते. खांदे घासत पिशव्या वाहणाऱ्या आज्यांनी ठासून भरलेली ३० क्रमांकाची शहर बस पाहिली की चायनाटाउनचा रोजचा दिवस कसा असतो, ते कोणत्याही निवेदनापेक्षा लवकर कळते.

निवेदनात सहसा न येणाऱ्या गोष्टीही याच रस्त्यांवर घडल्या. मार्च १९०० मध्ये प्लेगचा एक रोगी सापडताच अख्ख्या वस्तीला दोरखंड बांधून वेढा घातला गेला. गोऱ्यांची दुकाने मात्र वेढ्यातून वगळली. सॅक्रामेंटो स्ट्रीटवर जन्मलेला स्वयंपाकी वाँग किम आर्क चीनहून परत येताना बंदरात अडवला गेला. त्याने दाद मागितली आणि १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की अमेरिकेत जन्मलेला तो अमेरिकन नागरिकच. जन्मसिद्ध नागरिकत्वाचा वाद अमेरिकेत आजही निघतो तेव्हा याच खटल्याचा दाखला दिला जातो.

१९०६ च्या आगीत शहराच्या जन्मनोंदीही जळाल्या. अनेकांनी आपण इथेच जन्मलो असे सांगितले, आणि नागरिकाच्या मुलांना प्रवेश मिळे म्हणून प्रत्यक्षात नसलेली मुले चीनमध्ये कागदावर जन्माला घातली. ती जागा विकत घेऊन येणाऱ्यांना ‘कागदी मुलगे’ म्हणत. १९१० पासून १९४० पर्यंत त्यांची उलटतपासणी खाडीतल्या एंजल आयलंडवर होई. घराला पायऱ्या किती, विहीर कोणत्या दिशेला, शेजारच्या घरात कोण राहते? बाप म्हणवणाऱ्याचे उत्तर जुळले नाही तर परतीचे जहाज. जहाजावर असताना उत्तरांच्या वह्या पाठ करायच्या आणि बंदर येण्याआधी समुद्रात टाकायच्या. अशा विकत घेतलेल्या आडनावांची कुटुंबे आजही या वस्तीत आहेत. त्यातली कित्येक सुमारे आठ बाय दहा फुटांच्या, सामाईक संडास असलेल्या भाड्याच्या खोल्यांत राहिली. तसल्या खोल्या ग्रँटच्या रंगीत गॅलऱ्यांमागे अजूनही भरलेल्या आहेत. जॅक्सन स्ट्रीटवरचे चिनी रुग्णालय १९२५ मध्ये निघाले. ब्रूस लीचा जन्म १९४० मध्ये तिथलाच; वडील कॅन्टोनी संगीतनाटकाच्या दौऱ्यावर आले होते. एवढे मात्र प्रत्येक निवेदक सांगतो.

जुलै-ऑगस्टमध्ये येणाऱ्याने एक ध्यानात ठेवावे. कॅलिफोर्निया म्हणून पातळ कपड्यांत वर बसणारा समुद्राकडून येणाऱ्या धुक्याने कुडकुडतो; ग्रँट अॅव्हेन्यूवर शहराचे नाव छापलेले गरम जॅकेट एवढे खपते, त्याचे कारण तेच. या बसगाड्यांबद्दल शहरात कुरबुरही आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये युनियन स्क्वेअरजवळ एक उघडी डबलडेकर बांधकामाच्या परांचीत घुसून वीसेक माणसे जखमी झाली. बस नको असेल त्यांच्यासाठी नोव्हेंबर २०२२ पासून चायनाटाउनला भुयारी रेल्वेचे स्थानक मिळाले आहे. १९८९ च्या भूकंपानंतर वस्तीजवळ येणारा उन्नत महामार्ग पाडला गेला. त्याविरुद्ध व्यापारी रस्त्यावर उतरले होते, आणि भुयारी मार्गाची मागणी त्यातूनच पुढे रेटली गेली. रेटणाऱ्यांत अग्रभागी असलेल्या रोज पाक यांचे नाव आता स्थानकाला आहे.

चिनी नववर्षाची मिरवणूकही अशीच, पाहुण्यांना बोलावण्यासाठी व्यापाऱ्यांनी १९५३ मध्ये मोठी केलेली. चीन साम्यवादी झाल्यामुळे अमेरिकेत चिनी माणसाकडे संशयाने पाहण्याचे ते दिवस. तेव्हा वाजतगाजत रस्त्यावर येणे हे आम्हीही इथलेच, असे सांगणेही होते. शेवटी येणारा सोनेरी ड्रॅगन शंभराहून अधिक माणसे खांद्यावर नाचवतात. त्या संध्याकाळी मिरवणुकीचे रस्ते वाहतुकीला बंद असतात. कर्नी स्ट्रीटच्या कडेला चढत्या बाकांचे स्टँड उभारून त्यांची तिकिटे विकली जातात, आणि ज्यांना ती परवडत नाहीत ते फटाक्यांच्या धुरात फुटपाथवर दोन-तीन तास आधीच जागा धरून बसतात.