यंत्राची तक्रार

मनुष्याची चूक त्याला समजेल अशा भाषेंत सांगणें संगणकास प्रथमपासून साधलें असें नाहीं. केन थॉम्प्सन यांनीं १९६९ सालीं युनिक्सकरितां रचलेला 'एड' हा मजकूर-संपादक बहुतेक चुकांवर केवळ एक प्रश्नचिन्ह उमटवी. काय बिघडलें, तें ज्याचें त्यानें ओळखावें! जाणत्यांस तेवढें पुरे होई. नवशिक्यानें मात्र कपाळास हात लावावा.

वस्तुतः याहून उदार दृष्टि आधींच दिसली होती. कॅनडांतील वॉटर्लू विद्यापीठांत १९६५ सालीं विद्यार्थ्यांनींच फोर्ट्रान भाषेसाठीं 'वॉटफॉर' हा कंपायलर तयार केला. त्या काळीं छिद्रें पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा देऊन उत्तराची वाट पाहावी लागे. संदेश मोघम आला कीं ती फेरी फुकट. वॉटफॉरचे स्पष्ट संदेश वाखाणले गेले, यांत नवल तें काय?

पुढें प्रश्न अधिक गुंतागुंतीचा झाला. एका फंक्शननें दुसऱ्यास, दुसऱ्यानें तिसऱ्यास हांक मारावी आणि तिसरें कोसळावें, अशा वेळीं ही सारी परंपराच छापावी लागते. जावा शेवटची हांक सर्वांत वर ठेवते, पायथन सर्वांत खालीं. आम्हांस पायथनचा क्रम पटतो. कारण छपाई थांबते तेथेंच, पडद्याच्या तळाशीं, वाचणाराची नजर असते. जावाचे अभिमानी यावर रागावतील, तर रागावोत! २०२२ सालच्या ३.११ आवृत्तीपासून पायथन ओळींतील नेमक्या दोषी अंशाखालीं खुणाही करतो. एकाच ओळींत चार भागाकार असले, तरी शून्यानें भागणारा कोणता, हें आतां शोधावें लागत नाहीं.