गॅरेजचं दार आणि यमाताराजभानसलगा

अमेरिकेतल्या बऱ्याच गाड्यांत आरशाजवळ किंवा छताला तीन बटणं असतात. त्यातलं एक दाबलं की घराच्या गॅरेजचं दार उघडतं. पण ते सेट करायला हातातला रिमोट जवळ धरून दोन्ही बटणं दाबली, एवढ्यावर भागत नाही. स्टूलवर चढून मोटरवरचं 'लर्न' बटण दाबायचं आणि साधारण 30 सेकंदांत गाडीत परत यायचं. एवढा व्याप कशाला?

जुन्या रिमोटमध्ये बारीक डिप स्विचची ओळ असायची. प्रत्येक स्विच वर किंवा खाली. 12 स्विच म्हणजे 4096 कोड. रिमोट आणि मोटर, दोन्हीकडे तीच जुळणी, कोड कायमचा. गाडीच्या बटणाने त्याची नुसती नक्कल केली की काम झालं.

4096 खूप वाटतात ना? 2015 मध्ये सॅमी कॅमकार या संशोधकाने मॅटेलच्या आयएम-मी या खेळण्यात फेरफार करून असली दारं 10 सेकंदांच्या आत उघडून दाखवली. अनेक जुने रिसीव्हर कोड कुठून सुरू झाला हे बघतच नाहीत, फक्त शेवटचे 12 बिट तपासतात. मग एका कोडचं शेपूट हेच पुढच्या कोडचं तोंड!

ही युक्ती आपण शाळेत वृत्तं शिकताना पाठ केलीये: यमाताराजभानसलगा. यमाता, मातारा, ताराज... आठ गणांना 24 अक्षरं लागली असती, ती दहात बसतात. गणितात याला डी ब्रॉइन क्रम म्हणतात. त्याने 49,152 बिटांचं काम 4107 बिटांत होतं.

यावरचा उपाय, रोलिंग कोड, 1990 च्या दशकातच आला होता. पण जुन्या मोटरी चालूच राहिल्या. रोलिंग कोडमध्ये प्रत्येक वेळी नवा कोड जातो आणि वापरलेला कोड मोटर नाकारते. त्यामुळे नुसती नक्कल शिळी ठरते. नव्या बटणाची ओळख मोटरलाच करून द्यावी लागते, आणि 'लर्न' बटण असतं घराच्या आत. म्हणजे आधी आत असलेला माणूसच नवी किल्ली देऊ शकतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले लॉगिनला हेच करतो: नवा फोन जोडायचा तर जुन्यावरून परवानगी.

तिकडे तुमचं कुणी राहत असेल, तर त्यांना जुना रिमोट उघडून बघायला सांगा. आत स्विचची ओळ दिसली, तर मोटर बदलायची वेळ झालीये. भेटू पुढच्या भागात!