एकदाच लिहा, कुठंही चालवा: तीस वर्षांचं भांडण आणि तेंदूपत्त्याची वही

हेडफोन लावून ऐकणाऱ्यांचं स्वागत, आणि रेंज नाही म्हणून हा भाग वाचून काढणाऱ्यांचं जरा जास्तच स्वागत. मी चंद्रपूरचा. बी.टेक. केलं, आता मोबाइल ॲप बनवतो. आमच्या धंद्यात एक भांडण कायम सुरू असतं: नेटिव्ह चांगलं की क्रॉस-प्लॅटफॉर्म? आज त्या भांडणाचा इतिहास सांगतो, आणि शेवटी माझी स्वतःची एक चूक.

आधी शब्द साफ करू. नेटिव्ह म्हणजे अँड्रॉइडचं ॲप वेगळं, बहुतेक कोटलिन किंवा जावात. आयफोनचं वेगळं, स्विफ्टमध्ये. दोन ॲप, दुप्पट मेहनत. क्रॉस-प्लॅटफॉर्म म्हणजे बराचसा कोड एकदाच लिहायचा आणि दोन्हीकडे चालवायचा. फ्लटर आणि रिॲक्ट नेटिव्ह ही त्यातली आजची मोठी नावं. हो, दुसऱ्याच्या नावातच ‘नेटिव्ह’ आहे, गोंधळू नका.

हे स्वप्न स्मार्टफोनपेक्षा जुनं आहे. १९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्सनं जावा आणली, ती ‘एकदा लिहा, कुठंही चालवा’ असं सांगत. पुढे बटणांच्या फोनवर जावाचे गेम आले. आठवतं का? डाउनलोड करायच्या आधी फोनचं मॉडेल किंवा स्क्रीनचा आकार निवडावा लागायचा. एकदा लिहिलेलं खरंच कुठंही चाललं असतं, तर हा प्रश्न कशाला विचारला असता?

२००७ मध्ये आयफोन आला तेव्हा ॲप स्टोअर नव्हतंच. स्टीव्ह जॉब्सनं डेव्हलपर लोकांना सांगितलं की ब्राउझरमध्ये चालणारी वेब ॲप बनवा. लोकांचं समाधान झालं नाही, आणि जुलै २००८ मध्ये ॲप स्टोअर उघडलं. त्याच वर्षी अँड्रॉइडचा पहिला फोन आला. आता दोन दुनिया झाल्या, म्हणून दोन्हींत चालेल असं काहीतरी हवं झालं. फोनगॅपसारखी साधनं आली: आत वेबपान, बाहेरून ॲपचं कव्हर.

फेसबुकनंही तसंच केलं. ॲप इतकं संथ चालायचं की २०१२ मध्ये मार्क झुकरबर्गनं जाहीरपणे मान्य केलं, एचटीएमएल ५ वर जास्त भिस्त ठेवली ही आमची मोठी चूक. मग ॲप नेटिव्ह झालं. गंमत बघा, २०१५ मध्ये रिॲक्ट नेटिव्ह जगाला खुलं करून देणारी कंपनी कोण? तीच, फेसबुक!

मग २०१८. एअरबीएनबीनं रिॲक्ट नेटिव्ह सोडलं आणि नेटिव्हवाल्यांनी फटाके फोडले. पण कंपनीनं जे लिहिलं होतं ते पूर्ण वाचणारे थोडेच. त्यांचं मोठं दुखणं होतं की दोन ॲप सांभाळायच्या ऐवजी आता तीन गोष्टी सांभाळाव्या लागत होत्या. शिवाय रिॲक्ट नेटिव्हवर काम केलेल्या त्यांच्याच इंजिनिअरांपैकी निम्म्याहून जास्त म्हणाले की पुन्हा संधी मिळाली तर हेच निवडू. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गूगलनं फ्लटर १.० आणलं. भांडण पुन्हा पहिल्यापासून.

आता कॅलिफोर्नियातून आपल्या जंगलात या. २०१८ च्या व्याघ्रगणनेत देशभर वनरक्षकांनी एम-स्ट्राइप्स हे अँड्रॉइड ॲप वापरलं. चाललेली वाट जीपीएसवर नोंदवायची, पाऊलखुणांचे फोटो जागेसकट साठवायचे. ताडोबासारख्या जंगलात अशा कामाला रेंज मिळेल याचा भरवसा नाही आणि बॅटरी मोलाची. फोनच्या जीपीएसशी, कॅमेऱ्याशी तासन्‌तास थेट काम असलं की नेटिव्हचं पारडं जड होतं, यात वाद नाही. क्रॉस-प्लॅटफॉर्ममध्येही हे जमतं, पण तिथंही तेवढा भाग बहुतेक वेळा नेटिव्हच लिहिलेला असतो.

आणि आता माझी गोष्ट.

गडचिरोली जिल्ह्यातल्या बऱ्याच ग्रामसभा पेसा आणि वनहक्क कायद्यांच्या आधारावर तेंदूपत्ता स्वतः विकतात. आपल्याकडे ७० पानांचं एक पुडकं, आणि मजुरी शंभर पुडक्यांमागे ठरते. उन्हाळ्यात पहाटे जंगलात जायचं, दुपारी घरी बसून पुडके बांधायचे, संध्याकाळी मोजून द्यायचे. वर्षातले थोडेच दिवस हा पैसा हातात येतो. अशा एका ग्रामसभेसाठी आम्ही मित्रांनी पुडक्यांच्या नोंदीचं ॲप बनवलं, फ्लटरमध्ये.

तिसऱ्याच संध्याकाळी नोंद करणाऱ्या पोराला फोन आला. बोलून झाल्यावर त्यानं ॲप उघडलं तर त्या दिवसाच्या सगळ्या नोंदी गायब. रांगेतली एक आजी मला म्हणाली, “माहे पुडके कुठी गेले गा बाबू?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. ग्रामसभेच्या सचिवांनी जुन्या सवयीनं वहीत लिहून ठेवलं होतं म्हणून त्या दिवशीची मजुरी वाचली.

मी लगेच निकाल दिला: दोष फ्लटरचा. तीन आठवडे बसून सगळं कोटलिनमध्ये पुन्हा लिहिलं. मग तोच जुना २ जीबी रॅमचा फोन घेतला, नोंदी केल्या, मित्राला कॉल करायला लावला. ॲप परत उघडलं. नोंदी गायब!

कारण चूक माझी होती. शेवटचं बटण दाबेपर्यंत मी नोंदी फोनच्या तात्पुरत्या मेमरीत ठेवत होतो. मेमरी कमी पडली की अँड्रॉइड मागे गेलेलं ॲप बंद करतं. ते कशात लिहिलंय हे विचारत नाही. प्रत्येक नोंद तिथल्या तिथं फोनमध्ये पक्की साठवायची, एवढाच उपाय होता. अर्ध्या दिवसाचं काम.

पण त्या तीन आठवड्यांमुळे एक फायदा झाला: एकाच कामाची दोन ॲप हातात आली, म्हणून सरळ तुलना करता आली. त्या जुन्या फोनवर कोटलिनचं ॲप लवकर उघडायचं आणि जागाही कमी घ्यायचं. जिथं ॲप एका फोनवरून दुसऱ्या फोनवर पाठवून पोहोचतं, तिथं चार-पाच एमबीसुद्धा मोजावे लागतात. आणि गावात सगळे फोन अँड्रॉइडचे. म्हणजे फ्लटरचा जो सगळ्यात मोठा फायदा, आयफोनवरही चालणं, तो आमच्या काहीच कामाचा नव्हता. मी फ्लटर घेतलं ते मला येत होतं म्हणून.

तरीही आम्ही शेवटी फ्लटरच ठेवलं. का? मी पुण्यात नोकरीला. हंगामात ॲप बिघडलं तर दुरुस्त करणार गडचिरोलीतले दोन विद्यार्थी, आणि त्यांना फ्लटर येतं, कोटलिन नाही. दोन सेकंद उशिरा उघडणारं ॲप चालेल, पण मे महिन्यात बंद पडलेलं ॲप चालणार नाही. कामात दिवसभर जीपीएस लागला असता तर मी उलटा निर्णय घेतला असता.

म्हणून कुणी फेसबुकचं किंवा एअरबीएनबीचं उदाहरण देऊन निकाल सांगितला, तर आधी विचारा: फोन कुणाचा आहे, काम कोणतं आहे, आणि बिघडलं तर हात कोण लावणार? मग त्याच फोनवर, त्याच गावात, तेच काम करून बघा. निकाल दर वेळी वेगळा येईल, आणि त्यात काही चूक नाही.

हो, ती वही अजून आहे. सचिव ती फोनच्या बाजूलाच ठेवतात, आणि मी आता त्यांना ‘कशाला’ असं विचारत नाही.

चला, पुढच्या भागात भेटू. तोवर फोन चार्ज ठेवा!