गंडीपेठचे पाणी

गंडीपेठचे पाणी प्यालेला माणूस हैदराबाद सोडून जात नाही, असे आपल्या शहरात पिढ्यान्‌पिढ्या म्हटले जाते. मराठवाड्यातून नोकरीनिमित्त येऊन येथेच स्थिरावलेल्या आपल्या कित्येक कुटुंबांनी ते खरे करून दाखविले आहे. त्या पाण्याचा इतिहास मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असतो.

28 सप्टेंबर 1908 रोजी मुसी नदीच्या महापुराने हजारो बळी घेतले. निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले आणि त्यांच्या योजनेतून मुसीवर उस्मानसागर (1920) व तिच्या ईसी या उपनदीवर हिमायतसागर (1927) हे जलाशय उभे राहिले. गंडीपेठ म्हणजेच उस्मानसागर. त्याची पूर्ण पातळी 1790 फूट, साठा सुमारे 3.9 टीएमसी. पूर अडवावा आणि शहराची तहानही भागवावी, असा दुहेरी हेतू होता.

पातळी घटली की 'पाऊस कमी झाला' असे सांगणे आम्हां सरकारी नोकरांना फार सोयीचे असते. परंतु तलाव स्वतःवर पडणाऱ्या पावसाने भरत नाही. तो पाणलोटातून वाहून येणाऱ्या पाण्याने भरतो. सुरुवातीचा पाऊस तापलेली जमीनच पिऊन टाकते. ती तृप्त झाल्यावर जे उरते, तेच ओढ्यांतून खाली येते. वरच्या गावांत बंधारे झाले, कूपनलिकांनी भूजल खोल गेले, ओढ्यांच्या वाटेत फार्महाउसच्या भिंती उभ्या राहिल्या, की नेमका हा उरलेला भाग आटतो. म्हणून पाऊस सरासरी गाठतो, तरी जलाशय भरत नाही. अतिवृष्टीपुढे मात्र या अडथळ्यांचे काही चालत नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये हिमायतसागराचे आणि जुलै 2021 मध्ये उस्मानसागराचे दरवाजे सुमारे दशकभरानंतर उघडावे लागले.

1996 च्या 111 क्रमांकाच्या शासकीय आदेशाने दोन्ही जलाशयांभोवतीच्या 84 गावांत कारखाने, मोठी हॉटेले व वसाहती यांना मनाई केली होती. एप्रिल 2022 मध्ये हे निर्बंध उठविणारा आदेश निघाला. दरम्यान शहराची तहान मांजरा, सिंगूर, कृष्णा असे करीत थेट गोदावरीपर्यंत पोहोचलीच होती. 2025 मध्ये ज्या नव्या गोदावरी योजनेची पायाभरणी झाली, तिच्यात अडीच टीएमसी पाणी याच दोन जलाशयांत सोडावयाचे आहे. त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली नदी आता गंडीपेठ भरणार आहे. मुसीचे स्वतःचे ओढे मोकळे करण्याची तरतूद कोणी केव्हा करणार, ते अद्याप कळावयाचे आहे.